बीसीएल-२ पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच्या पेशी मरणारच नाहीत का?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय. आईचं वय ५८, डाव्या स्तनात गाठ, कोअर बायोप्सीत कॅन्सर निघाला. रिपोर्टात ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर आहेत), हर-२ (वाढीचा संदेश देणारं प्रोटीन) निगेटिव्ह, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण) ३० टक्के, आणि शेवटच्या ओळीत ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’. नेटवर शोधलं तर बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही असं सापडलं, आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. त्यांचे प्रश्न असे: या पेशी केमोलाही दाद देणार नाहीत का? पेशींना मरायला लावणारं औषध डॉक्टर सरळ का देत नाहीत? हळदीच्या कॅप्सूल आणि उपास यांनी कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणतात, ते सुरू करू का? आणि मी स्वतः ३४ वर्षांची आहे, मुलीचं अंगावरचं दूध नुकतंच तोडलंय, मला कितपत धोका आहे?

ताई, प्रश्न चार दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: कॅन्सरची पेशी म्हणजे मरण विसरलेली पेशी. सोप्या भाषेतल्या पुस्तकांतही असंच लिहिलेलं असतं. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, स्तनाच्या बायोप्सी बघणं हे रोजचं काम. माझ्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि तुमची भीती काय, कॅप्सूलचा मोह काय, दोन्ही त्या उरलेल्या अर्ध्यातून आलेत.

एक आधीच सांगते. गाठ किती सेंटिमीटरची आहे, काखेतल्या लिम्फ नोडमध्ये पसरलंय का, आईंना साखर किंवा हृदयाचा त्रास आहे का, यातलं मला काहीच माहीत नाही. स्लाइडही मी पाहिलेली नाही. ट्रीटमेंट या सगळ्यावर ठरते आणि ती ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. मी फक्त रिपोर्टाच्या ओळींमागे काय असतं ते सांगू शकते.

तर आधी बीसीएल-२. ईआर पॉझिटिव्ह गाठीत बीसीएल-२ पॉझिटिव्ह येणं ही वाईट बातमी नाही, उलट बरीचशी चांगलीच आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीसीएल-२ असलेल्या रुग्णांची वाटचाल सरासरीनं ते नसलेल्यांपेक्षा चांगली असते, असं मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मरण अडवणारं प्रोटीन आणि त्यानं भलं कसं काय? हे कळायला स्तनातली निरोगी पेशी कशी जगते ते बघावं लागतं.

शरीरातल्या बहुतेक पेशींना जगत राहायला बाहेरून सतत होकार लागतो. ठाण्याहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्याच्या मासिक पाससारखं समजा: काढलेला असला तरी मुदत संपते, नूतनीकरण केलं नाही तर प्रवास थांबतो. स्तनाच्या नलिकेतल्या पेशीला हा होकार तीन-चार ठिकाणांहून मिळतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन्स, वाढीची प्रोटीन्स, आणि ज्या पापुद्र्यावर ती बसलेली असते त्या पापुद्र्याची पकड. होकार बंद झाला की पेशी आतूनच स्वतःचा गाशा गुंडाळते. या शिस्तशीर मरणाला अपॉप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली दिलं.

स्तन हा अवयव या बाबतीत फार चळवळ्या आहे. दर महिन्याला पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात नलिकांच्या टोकाशी काही पेशी नव्यानं जन्मतात आणि पाळी जवळ आली की काही मरतात. बाळंतपणात दुधाच्या ग्रंथी प्रचंड वाढतात, आणि दूध तोडलं की त्यातल्या बहुतेक पेशी मरून स्तन जवळपास पहिल्यासारखा होतो. उंदरांत हे बारकाईनं बघितलं गेलंय. पिल्लं काढून घेतल्यावर पहिल्या ४८ तासांत ती परत ठेवली तर ग्रंथी पुन्हा दूध द्यायला लागते. त्यानंतर मात्र मोडतोड परतवता येत नाही. म्हणजे तुमच्याच शरीरात, ताई, गेल्या काही आठवड्यांत मोठ्या प्रमाणावर पेशीमृत्यू झालाय आणि तो अगदी योग्य आहे.

अजून एक गोष्ट सांगते, कारण कॅन्सरची सुरुवात इथेच होते. दुधाची नलिका आतून पोकळ असते. ती पोकळ राहते याला एक कारण म्हणजे मध्ये येऊन पडलेली पेशी पापुद्र्यापासून सुटते, पकडीचा होकार तिला मिळत नाही, आणि बीआयएम नावाचं प्रोटीन वाढून ती मरते. प्रयोगशाळेत जेलमध्ये वाढवलेल्या स्तनपेशींच्या गोळ्यांत हे सरळ दिसतं: कडेच्या पेशी जगतात, मधल्या मरतात, पोकळी तयार होते. त्याच पेशींत हर-२ सारखा वाढीचा संदेश जोरात चालू केला तर पोकळी भरून जाते. डीसीआयएस, म्हणजे नलिकेच्या भिंतीआतच असलेला कॅन्सर, स्लाइडवर दिसतो तो असाच. जिथे मोकळी जागा असायला हवी तिथे पेशींची गर्दी.

आता बिघाड कसा होतो ते. पासचं नूतनीकरण पेशी स्वतःच करायला लागते, बाहेरच्या होकाराची तिला गरज उरत नाही. कुठे हर-२ ची जनुकं कितीतरी पट वाढलेली असतात. कुठे पीआयके३सीए नावाच्या जनुकात बदल होऊन ‘जगत राहा’ हा संदेश कायमचा चालू राहतो. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासचे २०१२ चे आकडे आहेत, त्यांत ईआर पॉझिटिव्ह सौम्य प्रकारात, ज्याला ल्युमिनल ए म्हणतात, हा बदल सुमारे ४५ टक्के गाठींत होता. दुसरी वाट पी५३ ची. पेशीच्या डीएनएत मोडतोड झाली की तिला थांबवायचं किंवा संपवायचं हे काम पी५३ चं. ल्युमिनल ए मध्ये ते बिघडलेलं असण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्के, तर बेझल प्रकारात, जो बहुतांशी ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) असतो, सुमारे ८० टक्के. आजार एकाच नावाचा, पण मरण टाळायची रीत इतकी वेगळी.

बीआरसीए१ ची गंमत इथेच आहे. हे जनुक डीएनएची दुरुस्ती करतं. ते पूर्ण गेलं तर वाटेल की पेशी लगेच कॅन्सरची होईल, पण आधी उलटंच होतं: दुरुस्ती न झालेली पेशी पी५३ च्या नजरेत येते आणि संपते. कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा पी५३ चाही पाडाव व्हावा लागतो. म्हणूनच बीआरसीए१ च्या गाठींत पी५३ बिघडलेलं इतक्या वेळा सापडतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की कॅन्सरच्या गाठीत कोणी मरतच नसेल. आता मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते सांगते. मरणारी पेशी शेजारणींपासून आक्रसून वेगळी होते, भोवती पांढरं वर्तुळ उरतं. आतला भाग गडद गुलाबी होतो आणि केंद्रक काळ्या मोहरीच्या दाण्यांसारखं, दोन-तीन गोळ्यांत फुटलेलं. आजूबाजूला सूज नाही, पू नाही. शेजारच्या पेशी काही तासांत तिला खाऊन टाकतात, त्यामुळे स्लाइडवर अशा पेशी थोड्याच सापडतात. आणि त्या सगळ्यात जास्त कुठे सापडतात? ग्रेड ३ च्या, झपाट्यानं वाढणाऱ्या, वाईट गाठींत. सौम्य गाठीत त्या शोधाव्या लागतात.

म्हणजे आक्रमक कॅन्सरमध्ये मरण जास्तच असतं, पण जन्म त्याहून कितीतरी जास्त. गाठ वाढते ती या दोहोंच्या फरकानं. केआय-६७ जन्माची बाजू मोजतो: शंभरात किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. मरणाची बाजू नेहमीच्या रिपोर्टात मोजलीच जात नाही, कारण त्यावरून ट्रीटमेंट ठरत नाही. (डीसीआयएसच्या मधोमध जो मेलेला, चुन्यासारखा भाग दिसतो आणि मॅमोग्राफीत पांढरे ठिपके म्हणून उमटतो, तो वेगळा. तिथे रक्तपुरवठा न पोचून पेशी बेशिस्त मेलेल्या असतात. रिपोर्टात ‘कोमेडो नेक्रोसिस’ असं लिहिलेलं असतं ते हेच.)

आता बीसीएल-२ कडे परत. पेशीच्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे तिच्या वीजघरांवर, बीएएक्स आणि बीएके नावाची प्रोटीन्स भोकं पाडतात. त्यातून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, मग कॅस्पेस नावाची एन्झाइम्स एकामागून एक जागी होतात आणि पेशीचे तुकडे करतात. बीसीएल-२ ही भोकं पडू देत नाही. ते पहिल्यांदा सापडलं लिम्फोमात, १९८० च्या दशकात. तोवर कॅन्सरची जनुकं म्हणजे पेशीला भराभर वाढवणारी, असंच मानलं जात होतं. हे जनुक वाढवत काहीच नव्हतं, फक्त मरू देत नव्हतं. म्हणून त्याचा एवढा बोलबाला झाला, आणि नेटवर तुम्हाला तेच सापडलं.

पण स्तनात बीसीएल-२ चालू करणाऱ्यांत इस्ट्रोजेन आघाडीवर आहे. म्हणजे ते पॉझिटिव्ह असणं ही बहुतेक वेळा खूण असते की गाठ अजून हार्मोनच्या ऐकण्यात आहे, तिनं जुनी सवय सोडलेली नाही. अशा गाठी हळू वाढतात आणि हार्मोनच्या औषधांना दाद देतात. याचा एक छान पुरावा ऑन्कोटाइप डीएक्स या जनुक-चाचणीत आहे. तिच्यात २१ जनुकं मोजतात. त्यात बीसीएल-२ आहे आणि सर्व्हायव्हिनही आहे. दोन्ही मरण अडवणारीच. पण बीसीएल-२ जास्त असेल तर धोक्याचा स्कोअर खाली येतो, आणि सर्व्हायव्हिन जास्त असेल तर वर जातो, कारण ते विभाजनाच्या टोळीबरोबर फिरतं. त्यामुळे रिपोर्टातलं एक प्रोटीन उचलून नेटवर शोधण्यात फारसा अर्थ नाही असं मी नातेवाइकांना नेहमी सांगते. ते कुणाच्या संगतीत आहे त्यावर सगळं अवलंबून.

केमोबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर, बीसीएल-२ पॉझिटिव्ह गाठी ऑपरेशनआधीच्या केमोनं पूर्ण विरघळण्याचं प्रमाण कमीच असतं. त्याचं मोठं कारण त्या हळू वाढतात हे आहे, आणि केमो विभागणाऱ्या पेशींवर जास्त चालते. पण विरघळली नाही म्हणजे हरलो, असं या प्रकारात नसतं. इथे मुख्य शस्त्र वेगळं आहे.

ते म्हणजे पास बंद करणं. पाळी गेलेल्या बाईंना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात, त्यानं शरीरात इस्ट्रोजेन बनणंच जवळपास थांबतं. टॅमॉक्सिफेन गाठीतल्या ईआरलाच अडवतं. इथे एक गोष्ट पुष्कळ डॉक्टरांनाही नवी वाटते: ही औषधं सुरू केल्यावर पेशी धडाधड मरतात असं होत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी घेऊन बघितलं तर केआय-६७ पार खाली आलेला असतो, पण मरणाऱ्या पेशींचं प्रमाण वाढलेलं नसतं, कधी थोडं घटलेलंही असतं. जन्म थांबतो, मरण आपल्या गतीनं चालू राहतं, आणि गाठ महिन्यांच्या हिशोबात लहान होते. ब्रिटनमधल्या पोएटिक या मोठ्या अभ्यासात ऑपरेशनआधी दोन आठवडे लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल दिलं गेलं होतं. दोन आठवड्यांनंतरही ज्यांचा केआय-६७ चढाच राहिला त्यांना पुढे धोका जास्त दिसला. म्हणून आईंना गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभरात हाताला फरक लागला नाही, तर ‘लागू पडत नाहीये’ असा निष्कर्ष काढू नका.

मग पेशींना थेट मरायला लावणारं औषध का नाही? आहे की. व्हेनेटोक्लॅक्स हे नेमकं बीसीएल-२ ला अडवतं आणि एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये २०१६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्येही करून पाहिलं. व्हेरोनिका नावाच्या चाचणीत, आधीची औषधं थकलेल्या ईआर पॉझिटिव्ह रुग्णांना फुलवेस्ट्रंट या हार्मोनच्या औषधाबरोबर ते दिलं, पण एकट्या फुलवेस्ट्रंटपेक्षा फायदा दिसला नाही. एक कारण असं की बीसीएल-२ अडवलं तरी त्याची भावंडं, एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल, काम उचलून धरतात. मग त्यांनाच अडवा! तर बीसीएल-एक्सएल अडवलं की प्लेटलेट मरतात, एमसीएल-१ अडवलं की हृदयाला इजा झाल्याचं दिसलंय. निरोगी पेशीही याच प्रोटीन्सवर जगतात ना. म्हणून डॉक्टर मरणाच्या यंत्रणेला हात घालण्यापेक्षा, ती गाठ ज्या एका आधारावर उभी आहे तो शोधतात. ईआर, हर-२ आणि केआय-६७ या ओळी बीसीएल-२ पेक्षा महत्त्वाच्या आहेत त्या यासाठी.

हळद. ‘करक्युमिननं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मारल्या’ हे खोटं नाही, फक्त ते काचेच्या बशीत घडलंय. असे प्रयोग बहुधा एमसीएफ-७ या पेशींवर होतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या छातीतल्या पाण्यातून घेतलेल्या या पेशी जगभरच्या लॅबमध्ये आजही वाढतात. त्यांच्यात कॅस्पेस-३ हे मरणाचं मुख्य हत्यारच मुळात नाही, तरीही त्यांच्यावरून अपॉप्टोसिसबद्दल पानंच्या पानं लिहिली गेलीत! शिवाय बशीत जेवढं करक्युमिन ओततात तेवढं खाऊन रक्तात पोचत नाही, आतडं आणि यकृत त्याची वाटेतच वासलात लावतात. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. आणि धोका नेमका तिथेच. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना करक्युमिन आणि पायपरिन दिल्यावर रक्तातलं एंडॉक्सिफेन, म्हणजे टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप, कमी झालेलं आढळलं. अशा कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल नको.

उपासाबद्दल थोडक्यात. त्यानं जी गोष्ट वाढते म्हणतात ती ऑटोफॅजी, पेशीनं स्वतःचे जुने भाग पचवणं. ते मरण नाही. तयार झालेल्या गाठीतल्या पेशी कित्येकदा त्याच युक्तीनं तग धरतात. एकादशीला आमची ना नाही, पण केमो चालू असताना वजन आणि प्रथिनं घसरू देऊ नका, आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. शरीरातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये गेला नाही तर त्यातल्या पेशी कुजायला लागतात, आणि त्या कुजलेल्या पेशी मरणाऱ्या पेशींसारख्याच दिसतात. ईआर खोटा कमी येऊ शकतो, केआय-६७ सुद्धा. नियम असा की तासाभरात नमुना फॉर्मलिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा. लहान नर्सिंग होममधून अजूनही नमुना सलाईनमध्ये येतो, आणि मग घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं काय होतं ते मला स्लाइडवर दिसतं. आईंचा ईआर किती टक्के आहे बघा. ७०-८०-९० असेल तर निवांत राहा. १ ते १० टक्के असेल तर ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर विसंबू नका, ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. तुम्हाला खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचंच केंद्र, परळपेक्षा सोयीचं पडेल. केआय-६७ बाबत इतकंच की ५ किंवा त्याखालचा आणि ३० किंवा त्यावरचा आकडा भरवशाचा, मधल्या पट्ट्यात दोन पॅथॉलॉजिस्टचं मोजमाप सहज वेगळं येतं. तुमचा आकडा नेमका काठावर आहे, त्यामुळे केमो द्यायची की नाही हे ठरवताना जनुक-चाचणीचा उपयोग होईल का, हे ऑन्कॉलॉजिस्टना जरूर विचारा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. आईला कॅन्सर झाला की मुलीचा धोका साधारण दुप्पट धरतात, पण आईचं वय ५८ आहे म्हणून तो या अंदाजाच्या खालच्या बाजूला. अंगावर पाजल्यानं आयुष्यभराचा धोका कमी होतो, मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दर १२ महिन्यांच्या पाजण्यामागे सुमारे ४ टक्के. पण बाळंतपणानंतरची काही वर्षं धोका तात्पुरता थोडा चढलेला असतो. मघाशी सांगितलेली ती ग्रंथींची मोडतोड आणि सफाई जखम भरण्यासारखीच असते, त्या वातावरणाचा आधीपासून दडलेल्या पेशींना फायदा होत असावा असं मानतात. यानं घाबरून जायचं कारण नाही. पण दूध तोडल्यावर लागलेली गाठ ‘दुधाचीच असेल’ म्हणून महिनोन् महिने चोळत, शेकत बसायचं नाही. खूपदा ती दुधाचीच असते, हे खरं. पण दोन-तीन आठवड्यांत विरली नाही तर सोनोग्राफी करा. ती दूध चालू असतानाही करता येते. गाठ नसली तरी वर्षातून एकदा जाणत्या डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षित नर्सकडून हातानं तपासून घ्या. टाटानं मुंबईत वीस वर्षं दीड लाखावर बायकांवर केलेल्या अभ्यासात अशा तपासणीनं आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यूही जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

बीआरसीए तपासायचं असेल तर आधी तुमचं रक्त देऊ नका, आईंचं द्या. त्यांच्यात बदल सापडला तरच तुमच्या चाचणीला नेमका अर्थ येतो. हल्ली ६५ वर्षांपर्यंतच्या नव्या रुग्णांना ही चाचणी देऊ करावी असं अमेरिकेतल्या ऑन्कॉलॉजिस्टच्या संघटनेचं म्हणणं आहे, त्यामुळे पुढच्या ओपीडीला हा प्रश्न कागदावर लिहून न्या. आजी, मावश्या, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला होता का आणि कितव्या वर्षी, तेही त्याच कागदावर लिहा. आणि सोबत मोबाईलमधला फोटो नको, ब्लॉक नंबर दिसेल असा मूळ रिपोर्ट न्या.